पडण्याची विद्या

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं आमचें सहज जाणें झालें. घर माणसांनीं भरलेलें. आजोबा-आजी, दोघे मुलगे, दोघी सुना आणि पांच नातवंडें असा सारा परिवार एकाच छपराखालीं नांदत आहे. चहा पुढें आला तेव्हां आमचें लक्ष भिंतीवरील खुंटीकडे गेलें. खुंटीवर जाडसर पांढऱ्या कापडाचा एक सदरा लोंबत होता, आणि त्याखालीं घरांतील धाकटा नातू, वय वर्षें दहा, गाल फुगवून बसला होता. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, हा सदरा ज्यूडोच्या वर्गाचा; आणि दोन आठवडे झाले, त्यास कोणीं हात लावलेला नाहीं.

"आधीं तबला, मग बुद्धिबळ, आतां हें!" आजोबा म्हणाले. "एकाही गोष्टीस वर्ष पुरें झालें नाहीं. आमच्या वेळीं असें चालत नसे."

"पण अण्णा, आवड नसलेल्या गोष्टीला पोराला जुंपून मिळवायचें काय?" मुलाच्या वडिलांनीं उत्तर दिलें. "त्याचें मन ज्यांत रमेल तें तो करील."

आजींनीं दोघांकडेही लक्ष न देतां नातवासच विचारलें, "अरे, पण तेथें शिकवतात तरी काय?"

"पडायला!" मुलगा एकदम उसळून म्हणाला. "दीड महिना झाला, आजी, नुसतें पडायला शिकवतात. मागें पडा, बाजूला पडा, उठा, पुन्हां पडा. एकसुद्धां डाव शिकवला नाहीं."

सारे हंसले. "पडायला काय शिकायचें? तें तुला चालतां येत नव्हतें तेव्हांपासून येतें आहे," असें आजी म्हणाल्या, तेव्हां पुन्हां हंशा झाला, पण मुलाचे डोळे भरून आले होते. तेवढ्यांत आजोबांनीं आमच्याकडे मोर्चा वळविला. "तुम्ही मासिकांतून सगळ्या जगाला उपदेश करतां. आतां येथें सांगा, याला पाठवायचें कीं नाहीं?"

त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरें उत्तर देण्यास थोडें वाचन आणि थोडें आत्मपरीक्षण हवें होतें. तें करून आज या सदरांत उत्तर देत आहों.

प्रथम त्या मुलाच्या तक्रारीचाच विचार करूं. ज्या पडण्यास आम्ही सारे हंसलों, त्यास जपानी भाषेंत 'उकेमी' म्हणतात. मागें पडतांना हनुवटी छातीकडे ओढून घ्यावयाची, म्हणजे डोकें जमिनीवर आपटत नाहीं. पाठ गोल करावयाची, म्हणजे कणा एका ठिकाणीं आदळत नाहीं. आणि पाठ टेकतांक्षणीं हात तळव्यांसह चटईवर जोरानें आपटावयाचे, म्हणजे पडण्याचा धक्का सर्व अंगावर वांटला जातो. हें ऐकण्यास सोपें आहे. परंतु मनुष्य पडूं लागला कीं त्याचें अंग आपोआप ताठ होतें, हात आधारासाठीं मागें जातो आणि मनगट दुखावतें. ही उपजत संवय मोडून तिच्या जागीं दुसरी बसवावयाची, तर ती शेंकडों वेळां पडूनच बसते. ज्याला पडण्याची धास्ती आहे, त्याला डाव नीट टाकतां येत नाहीं आणि सोसतांही येत नाहीं; म्हणून दुसऱ्याला पाडण्यापूर्वीं स्वतः पडावयास शिकावयाचें, असा तेथील क्रम आहे. त्या मुलास दीड महिना जें शिकविलें जात होतें, तो या विद्येचा पाया होता. आणि ही गोष्ट त्याला वर्गांत किंवा घरीं कोणींही समजावून सांगितली नव्हती.

ज्यूडोचे जनक कानो जिगोरो यांची गोष्टही पडण्यापासूनच सुरू होते. त्यांचा जन्म १८६० सालीं, सध्यां कोबे शहरांत सामावलेल्या मिकागे या गांवीं झाला. शरीर किरकोळ, उंची सव्वापांच फुटांहूनही कमी. आणि शाळेंत दांडगी मुलें त्रास देत. जुजुत्सु शिकल्यास अशक्त मनुष्यही बलवानास आवरूं शकतो असें ऐकून त्यांनीं ती विद्या शिकण्याचें मनांत घेतलें. वडिलांस तें पसंत नव्हतें. शिवाय काळही प्रतिकूल होता. १८६८ सालच्या राज्यक्रांतीनंतर जपानांत पाश्चात्त्य विद्येची लाट आली होती. जुन्या युद्धविद्या मागासलेपणाच्या खुणा ठरल्या, आणि जुजुत्सूचे कित्येक वस्ताद हाडवैद्यकीवर पोट भरूं लागले. म्हणून कानो यांनीं हाडवैद्यांची दारें ठोठावण्यास आरंभ केला, आणि अशाच शोधांतून १८७७ सालीं त्यांस फुकुदा हाचिनोसुके हे गुरु भेटले.

या गुरूंच्या शिकविण्याची रीति कानो यांनींच पुढें सांगून ठेविली आहे. एके दिवशीं गुरूंनीं त्यांस एका डावांत फेंकलें. कानो हे विद्यापीठांत शिकणारे, चिकित्सक बुद्धीचे तरुण. उठून त्यांनीं विचारलें, या डावांत हात कसा ठेवावयाचा, पाय कसा टाकावयाचा? गुरूंनीं जवळ बोलावलें आणि पुन्हां फेंकलें. कानो यांनीं पुन्हां तोच प्रश्न केला, तेव्हां तिसऱ्यांदा फेंकलें. आणि मग सांगितलें कीं, हें विचारून समजावयाचें नाहीं, पुनःपुन्हां केल्यानेंच समजेल. फुकुदा १८७९ सालीं वारले. कानो यांनीं दुसरे गुरु केले, पुढें आणखी तिसरे केले. विद्या मात्र सोडली नाहीं. १८८२ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यांनीं तोकियोंतील एइशोजी नांवाच्या बौद्ध मंदिरांत स्वतःची तालीम काढली, तीच 'कोदोकान'. जागा बारा चटयांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या बेताच्या दिवाणखान्याएवढी. आणि पहिल्या वर्षींचे शिष्य अवघे नऊ. आदळआपटीनें चटयांखालच्या फळ्या मोडत, तेव्हां कानो रात्रीं कंदील घेऊन त्या स्वतः दुरुस्त करीत, असें सांगतात. आरंभीं नऊ शिष्यांची असलेली ही विद्या १९६४ सालीं तोकियोच्या ऑलिंपिकमध्यें गेली. पण तें पाहण्यास कानो नव्हते. १९३८ सालीं, कैरो येथील ऑलिंपिक समितीच्या बैठकीहून परततांना, जहाजावरच त्यांचा अंत झाला होता.

येथें वाचकांच्या मनांत अशी शंका येईल कीं, न बोलतां, न समजावतां शिष्यास आपटीत राहणें हीच का उत्तम शिकवण? कानो यांनीं तसें मानलें नाहीं. गुरूंकडून चिकाटी त्यांनीं घेतली. मुकेपण घेतलें नाहीं. फुकुदांच्याच तालमींत फुकुशिमा नांवाचा एक धिप्पाड गडी होता. तो कांहीं केल्या कानोंच्या हातून पडेना. तेव्हां कानो ग्रंथालयांत जाऊन बसले. सुमोचे डाव पाहिले, पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकें चाळलीं, आणि त्यांत सांपडलेला, गड्यास खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव घोटून घोटून एके दिवशीं त्या धिप्पाड गड्यास त्यांनीं उचलून टाकलें. तोच डाव आज ज्यूडोंत 'कातागुरुमा' या नांवानें शिकवितात. पुढें कोदोकानमध्यें अंगमेहनतीच्या जोडीला व्याख्यानें आणि प्रश्नोत्तरें यांसही त्यांनीं स्थान दिलें. एकाच भिंतीवर डोकें आपटीत राहण्यास आपण पुष्कळदां चिकाटी म्हणतों. कानोंची चिकाटी तशी नव्हती. ध्येय तेंच ठेवून त्यांनीं वाट बदलून पाहिली.

दुसरी एक गोष्ट आमच्या मनांत भरली. चिकाटी हा कांहीं थोड्या भाग्यवंतांस उपजत मिळणारा गुण आहे असें आपण समजतों. जपानी तालमींत मात्र ती अंगीं बाणावी अशी व्यवस्थाच करून ठेवलेली दिसते. 'कानगेइको' म्हणजे थंडीची तालीम ही तिकडील जुनी प्रथा आहे. कोदोकानमध्यें ती एकोणिसाव्या शतकापासून चालत आली. ऐन जानेवारींतील कडाक्याच्या थंडींत, उजाडण्यापूर्वीं, ओळीनें कित्येक दिवस तालमींत हजर व्हावयाचें. जो एकही दिवस चुकला नाहीं त्यास प्रशस्तिपत्र मिळतें. आणि तें केवळ हजेरीचें असतें. कोणीं किती गडी पाडले याचा त्यांत हिशेब नाहीं. मंद बुद्धीच्या, अशक्त शरीराच्या शिष्यासही तें मिळवितां येतें. कारण त्यास लागतें काय, तर पहांटे पांघरूण दूर करण्याची तयारी.

तीच गोष्ट काळ्या पट्ट्याची. तो मिळाला म्हणजे विद्या संपली असा आपल्याकडे समज आहे. परंतु ज्या पदवीनें तो मिळतो तिचें नांव 'शोदान', आणि त्यांतील 'शो' या शब्दाचा अर्थ आरंभ. कोदोकाननें ही पदवी १८८३ सालीं प्रथम दोघां शिष्यांस दिली. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर काळा पट्टा हें व्रताचें उद्यापन नव्हे, तो संकल्प आहे. आधींचीं वर्षें गेलीं तीं संकल्पाची पात्रता येण्यांत.

आतां आमच्या वाचक भगिनींसाठीं या कथेचा पुढील भाग सांगतों. ज्या फुकुदांनीं कानोंस तीनदां फेंकलें, त्यांची नात केइको १९१३ सालीं जन्मली. चांगल्या घरच्या मुलीप्रमाणें ती पुष्परचना, सुलेखन आणि चहाचा विधि शिकत होती. वृद्ध कानो यांनीं गुरूंचें ऋण स्मरून तिला कोदोकानच्या स्त्रीविभागांत येण्याचें आमंत्रण दिलें. १९३५ सालीं ती तेथें दाखल झाली तेव्हां तिचेंही बाविसावें वर्ष चालू होतें. उंची पांच फुटांहूनही कमी. आणि साऱ्या विभागांत शिकणाऱ्या स्त्रिया मोजून चोवीस. आईचा पाठिंबा होता. पुढें विवाहाची गोष्ट निघाली, तेव्हां विवाह केल्यास ज्यूडो सोडावा लागणार हें स्पष्ट झालें. केइकोबाईंनीं ज्यूडो ठेविला.

हा निवड करण्याचा प्रसंग एका दिवसाचा होता. खरी कसोटी पुढेंच होती. १९५३ सालीं त्यांस पांचवी 'दान' मिळाली, आणि तेथें वाट संपली. कारण स्त्रीस त्याच्या वर चढूं द्यावयाचें नाहीं अशी कोदोकानची रीत होती. पुरुष पुढच्या पायऱ्या चढत असतां त्या जवळजवळ वीस वर्षें एकाच पायरीवर होत्या. या काळांत त्यांनीं हातपाय गाळले नाहींत. १९६४ सालच्या तोकियो ऑलिंपिकमध्यें त्यांनीं 'जु-नो-काता' हा सौम्य हालचालींचा विधि करून दाखविला. १९६६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, सॅन फ्रान्सिस्को येथें राहिल्या आणि स्त्रियांस शिकवूं लागल्या. त्यांच्या शिष्यमंडळींनीं या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला, आणि १९७२ सालीं कोदोकाननें अखेर त्यांस सहावी दान दिली. तेव्हां त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. २००६ सालीं, नव्वदी उलटल्यावर, कोदोकाननें त्यांस नववी दान दिली. आणि २०११ सालीं अमेरिकेंतील ज्यूडो संघटनेनें सर्वोच्च अशी दहावी. ती मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. २०१३ सालच्या फेब्रुवारींत, शंभरीस दोन महिने कमी असतां, त्या निवर्तल्या. अखेरच्या वर्षांपर्यंत त्यांचें शिकविणें चालूं होतें.

या चरित्रांत आम्हांस विशेष वाटतो तो पांचव्या आणि सहाव्या पायरीमधील काळ. पुढें बढती मिळेल असें कोणींही त्यांस सांगितलें नव्हतें. तरी त्या दररोज चटईवर उतरत होत्या. कारण चटईवर उतरणें हें त्यांच्या जीवनाचें काम होतें, आणि पदवी ही त्या कामावर पडलेली लोकांची नजर होती. आपल्या घरांतूनही वर्षानुवर्षें कोणाच्या नजरेस न पडतां एखादें काम नेटानें करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांची नोंद घेण्यास घरानें वीस वर्षें लावूं नयेत, हा धडाही याच गोष्टींत आहे.

परंतु एवढेंच लिहून थांबलों तर आमच्या हातून अर्धेंच सत्य सांगितलें जाईल. चिकाटीच्या नांवाखालीं जपानांत जें वाईट घडलें तेंही सांगितलें पाहिजे. १९८३ पासून पुढील सुमारें तीस वर्षांत तेथील शाळांतून ज्यूडो करतांना शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखीं पडले. पुष्कळांस मार लागला तो डोक्यास. आणि बळी पडणारांत नवशिक्यांचा भरणा मोठा होता. म्हणजे ज्यांस अजून पडणें नीट साधलें नव्हतें अशांस वारंवार फेंकण्यांत आलें. २०१२ सालीं तिकडील माध्यमिक शाळांत युद्धविद्यांचें शिक्षण सक्तीचें झालें, तेव्हां पालकांनीं याविषयीं मोठी चिंता व्यक्त केली, ती उगीच नव्हे. २०१३ च्या आरंभीं राष्ट्रीय संघांतील पंधरा महिला खेळाडूंची तक्रार उघड झाली कीं, शिक्षक त्यांस मारतात व अपमानकारक बोलतात. आणि मुख्य शिक्षकास पद सोडावें लागलें. त्या पंधराजणींनीं तें सोसलें असतें तर भोळे लोक त्यांस चिकाटीच्या म्हणाले असते. आमच्या मतें बोलण्याचें धैर्य दाखवूनच त्यांनीं आपली विद्या राखली. पुढें २०२२ सालीं जपानच्या ज्यूडो महासंघानें लहान मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कारण जिंकण्याच्या हव्यासानें शिक्षक व पालक कोंवळ्या मुलांस वजन घटविण्यापर्यंत ताणूं लागले होते. स्वतः कानो यांचें सूत्र असें होतें कीं, शक्तीचा उपयोग उत्तम रीतीनें व्हावा आणि त्यांत आपलें व दुसऱ्याचें मिळून कल्याण व्हावें. ज्या तालमींत दुसऱ्याच्या मुलाचें डोकें फुटतें, तेथें हें सूत्र शिल्लक राहत नाहीं.

तेव्हां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचें उत्तर काय? आम्हांस असें वाटतें कीं, मूल एखादी गोष्ट सोडूं म्हणतें तेव्हां वडील मंडळींनीं प्रथम एकच गोष्ट पाहावी: त्यास कंटाळा आला आहे, कीं भय वाटत आहे? भय असेल, अंगावर न सांगितलेले वळ असतील, शिक्षकाचें नांव निघतांच मूल गप्प होत असेल, तर त्याच दिवशीं तेथून काढावें. त्यांत हार नाहीं. परंतु नुसता कंटाळा असेल, तर तो विद्येच्या वाटेवरील पहिला टप्पा आहे असें समजून त्यास हात धरून पार न्यावें. सुरवातीसच मुदत ठरवावी, आणि ती मुलास मोजतां येईल अशी असावी. मुदत संपल्यावर तें सोडूं म्हणालें, तर मनांत अढी न ठेवतां सोडूं द्यावें. ठरलेली मुदत पुरी केली, हेंही त्याच्या पदरीं कांहीं कमी नाहीं.

हें आम्ही इतक्या आग्रहानें सांगतों याला कारण आहे. ऐन तारुण्यांत आम्हीं सतारीचा नाद केला होता. दुसऱ्याच वर्षीं पलट्यांचा वीट आला, गुरुजींस आम्ही वरचेवर विचारूं लागलों, "राग केव्हां सांगणार?" आणि एके दिवशीं जाणेंच थांबविलें. घरांत कोणी रागावलें नाहीं, कोणीं कारणही विचारलें नाहीं. ती सतार आज माळ्यावर गवसणींत पडून आहे. गुरुजी हयात होते तोंवर त्यांच्या घरावरून जाण्याची वेळ आली कीं आम्ही पलीकडील गल्लीनें जात असूं. सतार न आल्याचें दुःख केव्हांच विरलें. ती गल्ली मात्र अजून आठवते.

गेल्या रविवारीं पुन्हां त्या स्नेह्यांकडे गेलों आणि वरील सारें त्या मुलास त्याच्या भाषेंत सांगितलें. गुरूंनीं कानोंस तिसऱ्यांदा फेंकलें तेथें तो हंसला. मग आम्हीं त्यास पडून दाखविण्यास सांगितलें. आजींनीं स्वतः गादी ओढून मध्यें घातली. मुलानें हनुवटी छातीशीं घेतली, मागें पडला, दोन्ही हात फाडकन् गादीवर आपटले, आणि उठून उभा राहिला. आजींनीं विचारलें, "डोकें कसें लागलें नाहीं रे?" तेव्हां तो त्यांस हनुवटीचें कारण समजावून सांगूं लागला, आणि तें सांगतांना त्यास आणखी चार वेळां पडावें लागलें.

बरीच भवति न भवति होऊन शेवटीं गुढीपाडव्यापर्यंतची मुदत ठरली. आजोबांनींही तोंवर रोज पहांटे चालावयास जाण्याचें कबूल केलें. नातवानें तशी अटच घातली होती. आम्ही निघालों तेव्हां तो पांढरा सदरा खुंटीवर नव्हता. सूनबाईंनीं तो भिजत घातला होता.